टॉलिव्हरच्या दुकानाने नदी ओलांडली

ॲन्सल टॉलिव्हर गाणारा माणूस नव्हता. आमच्या लोकांत ही मोठीच उणीव. आम्ही पाणी भरताना गातो, मका सोलताना गातो, आणि मयत पोचवताना तर सगळ्यात जास्त गातो. पण टॉलिव्हरकाका रविवारी आपल्या दुकानाच्या काउंटरमागे, दोन्ही हात फळीवर टेकून, तोंड मिटून उभा राहायचा. कुणी छेडलंच तर म्हणायचा, "देवाने मला तराजू दिला, बाई. गळा द्यायचा राहिला."

रविवारीसुद्धा काउंटरमागे, कारण आमचं दुकान तेच आणि देऊळही तेच.

टेनेसीत मालकाच्या कापसाचं वजन करण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. गुलामीतून सुटका झाल्यावर काही वर्षं पडेल ते काम केलं, मग एक गाडी, दोन खेचरं आणि बायको लेटी एवढं घेऊन तो कॅन्ससच्या माळावर आला. नदीला जिथे उतार होता, पाणी गुडघाभर आणि खाली खडी, तिथे त्याने काठात एक बीळ खणलं. गाडीची फळी आडवी टाकली. झालं दुकान. गिऱ्हाईक मात्र एकही नव्हतं. लेटी विचारायची, "कुणाला विकणारेस, टोळांना?" तो म्हणायचा, "येतील."

आलो आम्ही. टेनेसीतून, केंटकीतून, पोराबाळांसकट. मी, केझाया, तेव्हा नवी नवरी होते, आणि माझ्या नवऱ्याकडे, ल्यूशसकडे, बैल हाकायच्या अकलेशिवाय काही नव्हतं. त्या माळावर झाड म्हणावं असं फक्त नदीकाठी. बाकी गवत आणि आभाळ. आम्ही गवतासकट मातीची ढेकळं कापली, विटांसारखी रचली आणि त्यांच्या घरांत राहायला गेलो. पावसात छतातून चिखल गळायचा आणि एकदा तर सुकी मावशीच्या जेवणात साप पडला. मावशी म्हणाली, "मी तर मांसच मागितलं होतं, देवा, पण इतकं ताजं नको होतं." ही सुकी मावशी आमच्यात सगळ्यात म्हातारी, आणि तिच्या जिभेला धार लावायची गरज कधी पडली नाही.

पैसा कुणाकडेच नव्हता. पण माळावर मेलेल्या गव्यांची हाडं पसरलेली होती, आणि पूर्वेकडे कुठेतरी त्यांचं खत करत. टॉलिव्हरकाकाने जाहीर केलं, हाडं आणा, पीठ न्या. म्हणून आम्ही हाडं वेचली. तो ती गाडीत भरून लांबच्या स्टेशनाला न्यायचा आणि पीठ, मीठ, खिळे, कापड घेऊन परत यायचा. दुकानाशेजारी पांढराशुभ्र ढीग चढत गेला. नंतर एकेका खेपेला थोड्या फळ्या आणून त्याने काठावर लाकडाची इमारत बांधली, पुढे ओसरी, दोन काचेच्या खिडक्या. साऱ्या वस्तीत लाकडाची ती एकच.

बांधून झाली त्या शनिवारी त्याने आमच्या पाळकबाबांना, एल्डर पेटवेंना, विचारलं, "उद्याची प्रार्थना कुठे?"

"नदीकाठी. नेहमीसारखी."

"वारा आहे. माझ्याकडे छप्पर आहे."

त्या रात्री लेटीने सगळ्या मालावर पांढऱ्या चादरी टाकल्या. म्हणाली, "पिठाची पोती दिसली तर लोकांचं ध्यान स्वर्गाकडे कशाला लागतंय?" आणि पाळकबाबांनी काउंटरवर शास्त्र उघडलं.

पाळकबाबांचा गळा! आमच्यात वाचता येणारे थोडे, म्हणून भजनाची ओळ पाळक आधी एकटा म्हणतो आणि मग ती सगळे उचलतात, ताणतात, वळवतात, एकेका शब्दात सगळं दुःख ओततात. आणि उपदेश सुरू झाला की पाळकबाबा आधी साधं बोलायचे, हळूहळू बोलण्याला ताल यायचा, मग सूर यायचा, आणि शेवटी ते गातायत की बोलतायत हे त्यांनाही कळत नसे. त्या सुराने अंगात देवाचा आत्मा उतरला की आमचे हात आपोआप वर जायचे. हात वर न जाणं आमच्याकडे शक्यच नाही. एकदा माझ्या हातात उकळत्या कॉफीचं भांडं होतं. तेही वर गेलं.

टॉलिव्हरकाकाची स्वतःची एक आरोळी होती. शनिवारी सकाळी तो ओसरीवर उभा राहून वस्तीला हाक द्यायचा, "पीठ आऽलं! मीठ आऽलं! काकवी आली बघा, काऽकवी!" आणि दारादारातून थट्टेने उत्तर जायचं, "आलोऽ रे, आलोऽ!" तीस घरांचं उत्तर. तेही एक प्रकारचं भजनच होतं, पण तसं कुणी म्हणत नसे.

देवाने भरभरून दिलं. लोहार आला, शाळा झाली, गहू डोक्याएवढा वाढला. एक ऑगस्टला आम्ही मुक्तीचा दिवस करायचो. अख्खा बैल भाजायचा, आणि लांबलांबचे गोरे शेतकरीसुद्धा गाड्या जुंपून यायचे. ते लोक त्या जागेला टॉलिव्हरचा उतार म्हणायला लागले. अर्धं आयुष्य मालकाच्या नावाने ओळखला गेलेला माणूस, त्याच्या नावाचं गाव! लेटीने ते नाव फळीवर रंगवून ओसरीवर ठोकलं. पुढच्या हिवाळ्यात ती तापाने गेली, आणि दुकानामागच्या उंचवट्यावर आम्ही तिला ठेवलं. त्या दिवशीही सगळे गायले. तो गायला नाही.

मग रेल्वेची मोजणीवाली माणसं आली. आमच्याकडे जेवली, रताळ्याचं गोड खाऊन बोटं चाटली, आणि रूळ टाकले दक्षिणेला, नदीपलीकडे, दोन तासांच्या वाटेवर. म्हणे इथे काठ उंच आहे. तिथे स्टेशन झालं, हॉटेल झालं, धान्याचा बाजार झाला. आमच्याकडून आधी लोहार गेला. मग मास्तर. मग दर आठवड्याला एक दार बंद. मातीच्या घरात चूल पेटली नाही की एका हिवाळ्यात छत बसतं, आणि वसंतात त्यावर गवत उगवतं, जसं काही कुणी राहिलंच नव्हतं.

गेलेले लोक सुखात होते म्हणावं तर तसंही नाही. कुणी तबेल्याच्या माळ्यावर झोपत होतं, कुणी हॉटेलाच्या मागे कपडे धूत होतं. तिथल्या गोऱ्यांच्या देवळात आमच्या लोकांना दाराशी उभं राहायला जागा. रविवारी ते नदी ओलांडून आमच्याकडे येत, पण पाणी चढलं की म्हातारे गळायचे, थंडी पडली की लेकुरवाळ्या गळायच्या. देऊळ इकडे आणि माणसं तिकडे. हा हिवाळा असाच गेला तर गाठ सुटणार होती, आणि सुटलेली माणसं पुन्हा एका जागी कोण बांधणार? आम्ही पुन्हा दुसऱ्यांच्या गावातले विखुरलेले गडी होणार होतो.

पाळकबाबांनी टॉलिव्हरकाकाला विचारून पाहिलं. "टॉलिव्हरभाऊ, मातीची घरं हलत नाहीत. तुझी इमारत लाकडाची आहे. ओढून नेता येईल."

"नाही."

"अरे, माणसं तिकडे..."

"लेटी इकडे आहे. दुकान हललं तर टॉलिव्हरचा उतार नकाशावरून पुसला."

सुकी मावशी पिंपावर बसली होती. "नकाशावर होता कधी?"

"मावशी, तू गप्प बैस."

"बसलेच आहे. उठून कुठे जाऊ? सगळे गेले."

जानेवारीतला एक रविवार आला. वारा असा की दाराला आतून पोती लावली. आलो कोण, तर मी, ल्यूशस आणि मावशी. पाळकबाबांनी ओळ म्हटली. ल्यूशस पुटपुटला. मावशीला खोकल्याची उबळ आली. मी सुटलेलं पोतं दाराला पुन्हा लावत होते. ओळ तशीच हवेत राहिली, कुणी उचललीच नाही. ज्या घराने आमचे आवाज वर्षानुवर्षं पेललेले, ते घर एवढं गप्प!

तेवढ्यात काउंटरमागून आवाज आला. वंगण नसलेल्या चाकासारखा. टॉलिव्हरकाका गात होता. डोळे मिटलेले, हात फळीवर घट्ट. सुराशी काहीही संबंध नव्हता, पण शब्द न् शब्द त्याने अखेरपर्यंत नेला. आम्ही कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहवलं नसतं.

प्रार्थना संपली. त्याने चादरी काढल्या, घड्या घातल्या.

"ल्यूशस," तो म्हणाला, "तुझ्या बैलांना ही इमारत ओढवेल?"

"एकट्या बैलांना नाही, काका. माणसं लागतील."

"माणसं मी आणतो."

सोमवारी तो स्टेशनावर गेला. रुळांलगतचे प्लॉट वाटणारा क्रँडल नावाचा माणूस तिथे बसायचा. देवळासाठी कोपऱ्यावरचा एक प्लॉट टॉलिव्हरकाकाने मागितला, आणि बदल्यात आपला हाडांचा शेवटचा, सगळ्यात मोठा ढीग देऊ केला. क्रँडल हसला. "तो प्लॉट धान्याच्या कोठारवाल्याला हवाय. आणि तुझं देऊळ कुठाय?"

"नदीपलीकडे."

"मग असं कर. शनिवारी दिवस मावळायच्या आत ते माझ्या प्लॉटवर उभं दिसलं तर प्लॉट तुमचा. नाहीतर कोठारवाल्याचा."

त्याला वाटलं, गंमत केली. टॉलिव्हरकाकाने त्याच्याकडून ते कागदावर सहीनिशी घेतलं, कारण आयुष्यभर तराजू हातात असलेला माणूस तोंडी वजनावर विश्वास ठेवत नाही.

तबेल्यातून, हॉटेलातून, बाजारातून आमची माणसं परतली. हॉटेलवाला ओरडला की कपडे कोण धुणार. आमच्या बाया म्हणाल्या, तू. नदीकाठची दोन मोठी झाडं पाडली, इमारत तरफांनी उचलली आणि त्या दोन ओंडक्यांवर बसवली, बर्फावरच्या घसरगाडीसारखी. माल तसाच आत. पुढे ल्यूशसचे आणि इतरांचे मिळून बैल, आणि दोन्ही अंगांना जाड दोर माणसांसाठी.

शुक्रवारी सकाळी निघालो. पाळकबाबा ओसरीवर उभे राहून ओळ म्हणत होते. ओळीला श्वास घ्यायचा, उचलताना ओढायचं. इतकं सोपं! इमारत उतारातून पाण्यात शिरली, खडीवरून करकरत गेली, आणि पलीकडच्या काठाचा चढ लागला. बैलांच्या नाकातून वाफा निघत होत्या. क्रँडल घोड्यावर बसून बघायला आला होता.

आणि नेमके चढाच्या मध्यावर पाळकबाबांनी मागे वळून पाहिलं. खाली नदी, पाण्यातून वर निघालेलं देऊळ, दोराला लागलेली सगळी प्रजा. त्यांना शास्त्रातली, गुलामीतून सुटून नदी ओलांडणारी प्रजाच दिसली असणार हे आम्हाला लगेच कळलं, कारण भजन तुटलं आणि त्यांच्या बोलण्याला सूर आला.

"मिसर देशातून कोण निघालं?"

"आम्ही!"

"यार्देनच्या पाण्यात कोण उतरलं?"

"आम्ही, बाबा, आम्ही!"

"याजकांच्या खांद्यावर देवाच्या कराराचा कोश होता, पाणी थांबून राहिलं, पाय कोरडे, वाट कोरडी, तिथवर आणलं कोणी? सांगा मला, आणलं कोणीऽ?"

"देवाने!" आणि आमचे सगळ्यांचे हात वर गेले.

सगळ्यांचे. एकूणएक.

दोर सापासारखे सुटले. बैल मागे ओढले जायला लागले. ल्यूशसने वेळेवर साखळीची खीळ पाडली म्हणून जनावरं वाचली. देऊळ आलं तसं मागे निघालं, सरळ नदीत. आणि पाळकबाबा ओसरीच्या खांबाला मिठी मारून त्याच्याबरोबर मागे मागे जात होते, आणि तोंडातलं वाक्य अजून संपलं नव्हतं. धप्पकन पाणी उडालं. इमारत जरा कलली, हलली, आणि पाण्यात उभी राहिली. एक काच फुटली. आतून पिंपं गडगडल्याचा आवाज आला.

आम्ही पाण्याकडे धावलो. मग पाण्यातून पाळकबाबांचा आवाज, "आमेन."

क्रँडल इतका हसला की घोडा बिचकला. "सोमवारी कोठारवाला येतोय," म्हणाला आणि गेला.

उरलेला दिवस दोर पुन्हा बांधण्यात आणि ओंडके खडीतून मोकळे करण्यात गेला. रात्री नदी गोठली. शनिवारी उजाडताच कुऱ्हाडींनी बर्फ फोडून ओंडके सोडवले. आता एकच चढण आणि एकच दिवस. पाळकबाबा ओसरीकडे निघाले तसा सुकी मावशीने काठी आडवी धरली.

"कुठे?"

"ओळ म्हणायला, मावशी."

"बाबा, तुमचे पाय धरते, पण तोंड बंद ठेवा. तुम्ही बोललात की आमचे हात वर जातात."

"आज नुसतं भजन म्हणेन. उपदेश नाही."

"काल काय ठरलं होतं? भजनच ना? इथे देवाचं नाव घेतलं की दोर सुटतो. आपल्याला असा माणूस पाहिजे की ज्याचं ऐकून कुणाला कधी आत्मा चढला नाही." तिने काठीने दाखवलं. "ॲन्सल, चढ वर."

टॉलिव्हरकाका ओसरीवर चढला. लेटीने रंगवलेल्या फळीखाली उभा राहिला. त्याला भजन येत नव्हतं, उपदेश येत नव्हता. त्याने छाती भरून घेतली.

"पीठ आऽलं!"

क्षणभर आम्ही गोंधळलो. मग कुणाच्या तरी तोंडून जुनं उत्तर निघालं, "आलोऽ!" आणि दोर ताठ झाला. इमारत हाताभर पुढे सरकली.

"मीठ आऽलं!"

"आलोऽ!"

"काकवी आली बघा, काऽकवी!"

"आलोऽ रे, आलोऽ!"

खिळे आले, दोरा आला, कंदील आले, खारवलेलं मांस आलं. आम्ही हसत होतो, रडत होतो, पाय बर्फात रुतत होते, आणि हात मात्र दोरावर चिकटलेले, कारण खिळ्यांसाठी कोण हात वर करणार? चढ अर्धा सरला. मग पाऊण. आणि तिथे त्याचा माल संपला. ओंडके थरथरायला लागले. ल्यूशस ओरडला, "काका, थांबू नका!"

टॉलिव्हरकाकाने मागे, नदीपलीकडे पाहिलं. तिथे सगळी घरं मातीत बसलेली. तो एकेका घराला हाक मारायला लागला.

"लोहाराचं घर आऽलं!"

"आलोऽ!"

"मास्तरांचं घर आऽलं!"

"आलोऽ!"

"सुकीचं घर आऽलं!"

"सापासकट आलं!" मावशी काठी आपटत ओरडली.

आमचं आलं, शेजारचं आलं. उतारावर राहिलेल्या प्रत्येकाचं आलं, मेलेल्यांचंसुद्धा. आणि माथा एका हिसक्यावर राहिला तेव्हा त्याचा आवाज फाटला.

"लेटी आऽली!"

अहो, त्या वेळी आत्मा उतरला नाही असं कोण म्हणेल? माझ्या अंगातून वीज गेली. माझे हात वर जायला तडफडत होते. समोर पाळकबाबा दोराला लागले होते, त्यांच्या डोळ्यांतून धारा, ओठ घट्ट दाबलेले. पण एकानेही दोर सोडला नाही. "आलोऽ!" आम्ही ओरडलो, आणि देऊळ काठावर चढून सपाटीला आलं.

पुढे माळ कडक गोठलेला होता. बैल दिवसभर चालले, आणि आम्ही ढकलत, ओढत, मक्याची भाकरी चालता चालता खात गेलो. सूर्य गवताला टेकलेला असताना इमारत रुळांलगतच्या कोपऱ्यावर उभी राहिली, एक काच फुटलेली, ओसरी जरा वाकडी, आणि ठोकलेली फळी जिथल्या तिथे. हॉटेलातले, बाजारातले लोक बाहेर येऊन टोप्या काढून बघत होते. क्रँडलने सूर्याकडे पाहिलं, इमारतीकडे पाहिलं.

टॉलिव्हरकाका खाली उतरला. "नदीकाठी तुझी हाडं पडलीत," तो म्हणाला. "घेऊन जा."

उतारावर आता काहीही नाही. विहिरीचा काठ आहे, लेटीची कबर आहे, आणि वसंतात आम्ही तिथे फुलं घेऊन जातो. नवीन माणसाला सांगितलं की इथे तीस घरं होती तर तो गवताकडे बघतो आणि मान हलवतो. आम्ही वाद घालत नाही. ती घरं आम्ही मोजून ओढून आणलेली आहेत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मालावर चादरी टाकल्या. मी शेवटची चादर टाकत होते तोवर आत उभं राहायला जागा उरली नाही. लोक ओसरीवर, खिडक्यांशी, फुटक्या काचेतून आत वाकलेले. पाळकबाबांनी काउंटरवर शास्त्र उघडलं आणि आमच्याकडे पाहिलं. काल दिवसभर दाबून ठेवलेले ते ओठ उघडले.

"आता सोडा रे दोर!" ते म्हणाले.

त्या घराने इतके हात वर गेलेले कधी पाहिले नव्हते. दोरांनी सोललेले, फडकी बांधलेले हात. पाळकबाबांनी ओळ म्हटली आणि आम्ही ती उचलली, अशी उचलली की तावदानं थरथरली आणि रुळांवरचा गँगमन काम थांबवून वळून बघायला लागला. टॉलिव्हरकाका नेहमीसारखा काउंटरमागे, हात फळीवर. पण तोंड उघडं होतं. गात होता.

सुकी मावशी त्याच्याकडे वाकली. "ॲन्सल, बेसूर आहेस रे."

"आहे," तो म्हणाला.

"मग जोरात गा. मागच्यांना कळू दे, घर कुणी आणलं."

तेव्हा त्याने फळीवरचे दोन्ही हात सोडले आणि वर केले.